उपाशी गोधडी खपवून घेतली जाणार नाही

संपादकांनी फोनवर तीन अटी घातल्या. व्यवसायातले अनुभव लिहा, हलकंफुलकं लिहा आणि कृपा करून कुणाचा निषेध करू नका. पहिल्या दोन मान्य. तिसरीचा मी इथेच निषेध नोंदवते.

या पानांवर एरवी निवृत्त माणसं लिहितात. कुणी पोस्टमास्तर, कुणी भूलतज्ज्ञ, कुणी जन्मभर पूल बांधलेला इंजिनिअर. मी अजून तिशीसुद्धा गाठलेली नाही. पण आमच्याकडे जे घडलं ते लिहायला साठीपर्यंत थांबले, तर तोवर अक्का तिच्या पद्धतीने ते साऱ्या बेंगळुरूला सांगून मोकळी होईल, आणि तिच्या पद्धतीत मी मूर्ख ठरते. म्हणून आत्ताच.

आमचा धंदा गोधड्यांचा. चामराजपेटेतल्या भाड्याच्या घरात, पुढच्या खोलीत. अक्का शिवते, शेजारची गिरिजम्मा तिला हातभार लावते, आणि त्या गोधड्यांवर इंटरनेटवर मराठीत आणि इंग्रजीत लेख लिहून त्या लोकांच्या गळ्यात मारायचं काम माझं. अक्का म्हणजे माझी सख्खी आत्या. तिच्या सासरची माणसं कैक पिढ्या बेंगळुरूत मुरलेली, त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड असं मिसळलंय की निपाणीहून आलेल्या मलासुद्धा सुरुवातीला निम्मंच कळायचं. सगळी गल्ली तिला अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणते.

मी मूळची पत्रकवाली. कॉलेजात असताना आमची अंधश्रद्धेविरुद्ध लढणारी एक छोटी संघटना होती, तिची सगळी पत्रकं मी लिहायचे. वर जळजळीत प्रश्न, मध्ये तीन मुद्दे, खाली मागणी, आणि उद्गारचिन्हं छापखान्यात शिल्लक असतील तितकी. लिंबू-मिरची, भानामती, करणी, अंगात येणं, एकेकाला मी असं सोलून काढलंय की बस. पुढे पोटासाठी बेंगळुरूला आले आणि एका कंपनीत लेख लिहायला लागले. पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर लेख हवा होता. मी लिहिलं, 'शुद्ध पाणी हा नागरिकांचा हक्क असताना त्यांना यंत्र विकत घ्यायला लावणाऱ्या व्यवस्थेचा धिक्कार असो!' तो माझा तिथला शेवटचा लेख.

मग मी अक्काकडे राहायला आले आणि तिच्या गोधड्यांमागे लागले.

गोधडी कशी होते ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं जुन्या साड्या एकावर एक टाकून शिवल्या की झालं. सुती साडीच चालते. सिंथेटिक आतल्या आत सटकते, जरीची टोचते. जुनी, पण अंगात दम असलेली साडी वर आणि तशीच दुसरी खाली. विरलेल्या, फाटलेल्या, डागाळलेल्या सगळ्या मध्ये. जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. आमच्याकडे वरवंटा, इस्त्री, अक्काच्या सासऱ्यांचा जाडजूड शब्दकोश आणि चौथ्या कोपऱ्यावर बहुधा मी. मग लांब लांब कच्चे टाके घालून थर जागच्या जागी बसवायचे, आणि मग खरा धावदोरा, कडेकडेने, चौकोनात चौकोन करत आत. गोधडीवरच बसून गोधडी शिवायची. म्हणजे तिला लागते जमीन. मोकळी, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

आणि जमिनीवरूनच आमच्या घरात तणाव होता.

अक्काचा मुलगा प्रसन्नअण्णा बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे आणि तिकडेच एका मोठ्या सोसायटीत राहतो. माणूस सोन्यासारखा, पण काळजी हा त्याचा स्थायीभाव. अक्काचे गुडघे, अक्काचा जिना, अक्काचं एकटं असणं. (मी घरात असणं तो मोजत नाही.) दर रविवारी तो यायचा आणि म्हणायचा, "आई, आता पुरे की. तुझी खोली तयार आहे. रंगसुद्धा दिलाय."

अक्का म्हणायची, "येते की. एवढी ऑर्डर होऊ दे."

अण्णाच्या हॉलमध्ये इंग्रजी एल अक्षरासारखा एक अजस्र सोफा आहे आणि अक्काच्या खोलीत आधीच एक चालण्याचं यंत्र उभं आहे. तिथे हातरुमालसुद्धा अंथरता येणार नाही. अक्काला जायचं नव्हतं. हे मला माहीत होतं, गिरिजम्माला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या फुलवालीला माहीत होतं. अण्णाला नव्हतं, कारण त्याच्या तोंडावर अक्का 'ऑर्डर होऊ दे' याच्या पलीकडे जायची नाही. थोडक्यात, ऑर्डरी येत राहिल्या तर अक्का चामराजपेटेत, थांबल्या तर चालण्याच्या यंत्राशेजारी. आणि ऑर्डरी आणायचं काम पत्रकवालीकडे!

माझा पहिला लेख होता, 'कपाटात कोंडलेल्या साड्या मुक्त करा!' तीन मागण्या, एक इशारा. तो मी वाचला, अण्णाने वाचला आणि वाट चुकून आलेल्या एका माणसाने उघडून लगेच मिटला. पत्रक आपण माणसाच्या हातात कोंबतो, तो निदान कचऱ्याच्या डब्यापर्यंत ते नेतो. लेखाच्या बाबतीत वाचकाचा अंगठाच कचऱ्याचा डबा असतो.

पण 'मायेची ऊब' लिहायला मी साफ नकार दिला. गोधडी विकणारा प्रत्येक जण मायेची ऊब लिहितो. वाचकहो, ऊब मायेची नसते, थरांची असते! माया कितीही असली आणि थर दोनच असले तर थंडी वाजते.

मला लेख लिहायला शिकवलं एका कुत्र्याने. मल्लेश्वरमच्या एका बाई सासूच्या साड्यांचं गाठोडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या ब्रूनोसाठी करा." मला वाटलं, ब्रूनो हे नातवाचं नाव, आजकाल काहीही ठेवतात. ब्रूनो लॅब्राडोर निघाला. गोधडी गेली आणि पाठोपाठ सासूबाईंचा फोन आला.

"माझ्या साडीवर कुत्रा झोपतो म्हणे?"

मी खरं तेच बोलते. "होय."

"कुठली साडी वर घातलीय?"

"निळी. बारीक चौकड्यांची."

"ती माझ्या नणंदेनं दिलेली. झोपू दे."

हे मी जसंच्या तसं लिहिलं, दोघींना विचारून. शीर्षक, 'सासूच्या साडीवर कुत्रा झोपला तेव्हा'. मागणी नाही, धिक्कार नाही. तो लेख इतका फिरला की तो आम्हालाच परत पाठवून लोक विचारू लागले, हे वाचलंत का. तेव्हा कळलं. लेखात माणूस हवा, एकच हवा, आणि त्याने काय केलं हे शेवटपर्यंत सांगायचं नाही. एवढंच तंत्र. बाकी जे वर्गबिर्ग घेतात त्यांचा... असो, संपादक.

गिऱ्हाइकं वाढली तशा त्यांच्या तऱ्हाही वाढल्या. एकाने कोऱ्या साड्या आणून दिल्या आणि म्हणाला, जुन्या दिसतील अशा करा. मी त्याला सामाजिक ढोंगावर भाषण दिलं. अक्का म्हणाली, "सरी, बरं की, ठेवून जा. वर्षभर आम्ही नेसतो, मग शिवतो." तो साड्या घेऊन पळाला. दुसऱ्या एकाला डॉक्टरांनी वजनदार पांघरुणात झोपायला सांगितलं होतं. अक्काने थरावर थर चढवले. पहिल्याच सकाळी त्याचा फोन आला, की झोप उत्तम लागली, पण उठता येत नाहीये, आणि बायको माहेरी आहे.

अशात अण्णाच्याच सोसायटीतून ऑर्डर आली. नंदिनी मॅडम म्हणून एक बाई, तान्ह्या बाळासाठी दुपट्याएवढी गोधडी. ती बघून शेजारणींनी मागितल्या, त्या बघून त्यांच्या शेजारणींनी. सोसायटीतल्या कुणाच्या मऊ सुती साड्या म्हणून कपाटात राहिल्या नाहीत. अण्णासुद्धा रविवारी रंगाबद्दल बोलेनासा झाला. अक्का खुशीत होती.

आणि एक दिवस अण्णाचा फोटो आला.

फोटोत नंदिनी मॅडमच्या बाळाची गोधडी. मधोमध कात्रीने कापलेली. कापलेल्या जागी लाल खणाचा एक चिमुकला तुकडा उलगडलेला, त्यात काळपट, वाळलेलं, वेडंवाकडं काहीतरी, आणि त्याला लागलेल्या मुंग्या. खाली सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं, 'हे माट आहे. बाळाच्या अंथरुणात!' माट म्हणजे कन्नडमधली करणी.

आता आमच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत मी लिहिलेलं वाक्य असं होतं, 'आमच्या गोधडीत साड्यांशिवाय काहीही नसतं. आम्ही जबाबदारीने सांगतो.' मी फोटो घेऊन अक्कासमोर उभी राहिले. मला खात्री होती की हा कुण्या स्पर्धकाचा डाव आहे.

अक्काने चष्मा लावला. "अय्यो, मुंग्या लागल्या?"

"अक्का, हे काय आहे?"

"भाकरी."

"कसली भाकरी?"

"जोंधळ्याची. पोटात घालायची असते की. गोधडी पुरी व्हायच्या आधी मधे हाताएवढं तोंड ठेवायचं, खणात गुंडाळून भाकरीचा तुकडा घालायचा, मग टाका मारून बंद. म्हणजे पांघरणारा कधी उपाशी झोपत नाही. तुला ठाऊक नाही?"

"सगळ्या गोधड्यांत?"

"उपाशी कशी देणार कुणाला?"

"ब्रूनोच्या?"

"कुत्र्याला भूक नसते होय?"

मी खाली बसले. या वेळी कोपऱ्यावरचं वजन म्हणून नव्हे. "पण मुंग्या कशा आल्या? बाकीच्यांना नाही आल्या."

अक्काने इथे पहिल्यांदा नजर चुकवली. "तान्ह्या बाळाला कोरडी भाकरी कशी घशाखाली उतरेल? स्वल्प गूळ लावला. तुपात."

वाचकहो, माझी अवस्था समजून घ्या. जिने करणीविरुद्ध गावोगाव पत्रकं वाटली, तिच्या घरातून साऱ्या बेंगळुरूला लाल कापडात गुंडाळलेले पुरावे घरपोच जात होते. मी तिथल्या तिथे भाषण सुरू केलं. ही अंधश्रद्धा आहे, गोधडीला पोट नसतं, भूक नसते, आजपासून हे बंद.

अक्का शांतपणे म्हणाली, "रोज झोपताना त्या फोनच्या तोंडात वायर घालून त्याला खायला घालतीस. ते चालतं?"

"तो उपाशी राहिला तर बंद पडतो, अक्का!"

"मग?"

याला उत्तर आहे. मला ते नंतर अंघोळ करताना सुचलं.

सोसायटीतल्या ऑर्डरी पटापट परत फिरल्या. तयार गोधड्यासुद्धा अण्णाच्या दारात, कुणी घंटासुद्धा न वाजवता, ठेवून गेलं. अण्णाचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही, तो कधीच चढवत नाही. "मुक्ता, आता हे थांबवू या. लिफ्टमध्ये लोक माझ्याकडे बघून शेवटच्या क्षणी जिन्याने जातात. आईला म्हणावं, सामान बांध. पुढच्या रविवारी न्यायला येतो."

मी अक्काला सांगितलं. ती नुसती 'सरी' म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. तो काही केल्या ओवला जाईना. तिच्या हातून दोरा चुकताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मी म्हणाले, एक मार्ग आहे. जाहीर करायचं की यापुढे गोधडीत भाकरी नाही, गिऱ्हाईक परत येईल, तू इथेच राहशील. तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आले तर पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अर्धवट गोधडी अंथरलेली, आणि बरोब्बर मध्यावर अक्का बसलेली. शेजारी गिरिजम्मा, स्वतःचा डबा घेऊन. पलीकडे स्वयंपाकघर. जायला वाट नाही.

मागे एकदा फूटपाथवर गाड्या लावणाऱ्यांविरुद्धच्या धरण्याला मीच अक्काला घेऊन गेले होते. कडेला बसू नये, मधे बसावं, हे तिने तिथेच शिकून घेतलं असणार.

"अक्का, हे काय?"

"संप. भाकरी नाही तर टाका नाही."

गिरिजम्मा गदगची. तिच्याकडे गोधडीला कौदी म्हणतात आणि तिच्याकडेही हीच रीत. तिने कन्नडमध्ये घोषणा दिली, तिचा अर्थ साधारण 'उपाशी कौदी आम्ही शिवणार नाही म्हणजे नाही' असा होता. घोषणेला ताल नव्हता. सवय वाईट. मी म्हणाले, "असं नाही. 'उपाशी गोधडी खपवून घेतली जाणार नाही' म्हणा, 'नाही'वर जोर द्या." दोघींनी लगेच उचललं. मालकाविरुद्धची घोषणा मालकानेच दुरुस्त करून दिल्याचं उदाहरण कामगार चळवळीत दुसरं नसावं. आणि मी मालक! जन्मभर मागण्या करणारी मी, चहासुद्धा न मिळता, व्यवस्थापन म्हणून दारात उभी.

दुपारपर्यंत मी टिकले. मग भुकेपोटी वाटाघाटी झाल्या. गोधडीची भूक थोतांड असेल, माझी नव्हती. ठरलं ते असं. ऑर्डर देताना गिऱ्हाईक निवडेल, भाकरीसह की भाकरीविना. विना असेल ती फक्त गिरिजम्मा शिवेल, कारण तिच्या म्हणण्यानुसार तिच्या नावावर तशीही बरीच पापं आहेत. गूळ कुणालाच नाही, तान्ह्यांनाही नाही. आणि मी एक लेख लिहीन, ज्यात सगळं खरं सांगेन.

तो लेख मी एका बैठकीत लिहिला. 'होय, आमच्या गोधडीत भाकरी आहे!' आधीचं वाक्य चुकीचं होतं, हे पहिल्या ओळीत. मग अक्का, सुई, शेवटचं हाताएवढं तोंड, जोंधळ्याचा तुकडा. मला स्वतःला ही रीत पटत नाही, हेही. करणी नावाची गोष्ट जगात नसते, हेही. इथपर्यंत लेख उत्तम होता. पण पत्रकवाली मेली नव्हती. शेवटी मी लिहिलं, 'ज्या सोसायटीत प्रत्येक मजल्यावर वाय-फाय आहे, पण विवेक तळमजल्यावरच्या पार्किंगमध्येही सापडत नाही, तिचा आम्ही जाहीर निषेध करतो!'

लेख तुफान चालला. सोलापूरची, विजापूरची, गदगची, बेळगावची, बेंगळुरूत कुठे कुठे विखुरलेली माणसं लिहायला लागली. आमची आजी घालायची. आमच्याकडे पुरणपोळी घालत. आमच्याकडे घालत नसत, म्हणून काका तसे निघाले. एकाने विचारलं, पिझ्झाचा तुकडा चालेल का, मुलगा भाकरी खात नाही. साड्यांची गाठोडी यायला लागली, बहुतेक 'भाकरीसह'. अक्काच्या सुईत दोरा पुन्हा पहिल्या फटक्यात जायला लागला.

फक्त एक झालं. सोसायटीने स्वतःला ओळखलं. अण्णाला नोटीस आली, रविवारी क्लबहाउसमध्ये सभा, आईंना घेऊन यावं आणि खुलासा करावा. म्हणजे ज्या रविवारी अण्णा अक्काला न्यायला येणार होता, त्याच रविवारी. त्याने फोनवर सांगितलं, "एकदा सभेत सगळं साफ झालं की आई इथे मान वर करून राहील. ऑर्डरी कितीही येऊ देत मुक्ता, तिच्या गुडघ्यांचं काय?"

क्लबहाउस भरलं होतं. अण्णाने आईच्या बचावासाठी पडद्यावर दाखवायला चित्रं, आकडे, जोंधळ्याचे गुणधर्म असं सगळं तयार करून आणलं होतं. मीही तीन मुद्दे आणले होते. अक्काने धुवट इरकल नेसली होती आणि ती पहिल्या रांगेत पाय लांब करून बसली होती. समोर टेबलावर ती कापलेली गोधडी, आणि टेबलाभोवती माणसांनी आपसूक सोडलेलं रिकामं गोल.

प्रश्न सुरू झाले, कन्नड, इंग्रजी आणि हिंदी यांच्या खिचडीत.

"भाकरी कशाची आहे?"

"जोंधळ्याची," अक्का म्हणाली.

"म्हणजे ग्लुटेन नाही?"

"नाही," अण्णा म्हणाला.

"मग माझी काही हरकत नाही," असं म्हणून तो गृहस्थ निघूनच गेला.

एक बाई म्हणाल्या, "आमच्या गावी माट करतात तेव्हा असंच लाल कापड असतं." दुसरे एक जण म्हणाले, "याचा परिणाम किती मजल्यांपर्यंत होतो? आम्ही अगदी वर राहतो." त्यावर तिसऱ्याने गंभीरपणे विचारलं, "पण लिफ्टने वर येत असेल का?"

मग सेक्रेटरी उभे राहिले. सभ्य गृहस्थ, घसा खाकरून बोलणारे. "प्रसन्न, आम्हाला तुमच्या आईंबद्दल आदरच आहे. पण असं कळलं की त्या इथे कायमच्या राहायला येणार आहेत. काही रहिवाशांना जरा... धास्ती वाटते. तेव्हा त्यांनीच सांगावं, यात काही मंत्रबिंत्र आहे का?"

सगळे अक्काकडे बघायला लागले. एका शब्दाचं काम होतं. 'नाही.' अक्का काही बोलेना. नुसती त्या गोधडीकडे बघत बसली. मागे कुणाची तरी खुर्ची सरकली.

मी उठले. माझ्या आयुष्यातली सगळी पत्रकं या क्षणासाठी होती. "मित्रहो! करणी, भानामती, माट असं काहीही या जगात नसतं. मुद्दा एक..."

अक्काने माझी ओढणी खेचली. "बस गं खाली."

"अक्का, दोन मिनिटं. तुझीच बदनामी धुऊन काढतेय."

"धुऊ नको," ती मराठीत, पुढे बघतच म्हणाली. "घाबरू दे की त्यांना स्वल्प. घाबरले तर मला इथं राहायला घेणार नाहीत. मला इथं यायचं नाही गं मुक्ता. मला माझ्या घरी राहायचंय."

त्या सभागृहात मराठी कळणारी माणसं तीनच होती. अक्का, मी, आणि हातात रिमोट घेऊन पडद्याशेजारी उभा असलेला अण्णा.

मी अण्णाकडे बघितलं. पडद्यावर 'जोंधळा : एक ओळख' असं आलेलं होतं. तो ते बंद करायचं विसरला होता. त्याने अक्काकडे बघितलं. मग मी खाली बसले. मुद्दा दोन आणि मुद्दा तीन अजून माझ्याकडेच आहेत.

सेक्रेटरींनी पुन्हा घसा खाकरला. "प्रसन्न?"

"आई येणार नाहीये," अण्णा कन्नडमध्ये म्हणाला. "ती चामराजपेटेतच राहील."

"कायमच्या?"

"कायमची."

सभागृहाने सोडलेला निःश्वास मी अजून विसरलेले नाही. मागून दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. विवेकाचा इतका दणदणीत पराभव मी कुठल्याच सभेत पाहिला नव्हता, आणि निषेध करायला तोंड उघडावं तर शेजारी अक्का खुशीत पायांची बोटं हलवत बसलेली.

सभा पांगली. नंदिनी मॅडम मात्र मागे रेंगाळल्या. टेबलावरची गोधडी उचलून त्या अक्काजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "ही शिवून द्याल का? बाळ हिच्याशिवाय झोपतच नाही. आम्ही सगळे जागे आहोत."

"देते की. भाकरी घालू की नको?"

नंदिनी मॅडमनी इकडे तिकडे बघितलं. "घाला. गूळ नको."

अण्णाने आम्हाला गाडीने घरी सोडलं. होसूर रोडला नेहमीसारखीच गाडीला गाडी चिकटलेली. मी भाषण केलं नाही, हे लिहून ठेवण्यासारखं.

शेवटी अण्णा म्हणाला, "आई, आधी का नाही सांगितलंस?"

"तू खोलीला रंग दिलास की. पिवळा. स्वतः उभा राहून." अक्का खिडकीबाहेर बघत होती. "कसं सांगायचं मग?"

आणखी एक सिग्नल गेला. अण्णा समोरच्या बसकडे बघत म्हणाला, "दर रविवारी जेवायला मात्र येणार मी."

"ये की. नाही कोण म्हणतंय."

"आणि माझी गोधडी होती ना, लहानपणची? हिरव्या काठांची? तिच्यातही होती का भाकरी?"

"तुझ्या गोधडीत दोन होत्या," अक्का म्हणाली. "एकीनं तुझं काय होणार होतं?"